गोदाक्कांच्या खिरीचा पेला

बाळांनो, आधी एक कोडं ऐका. खिरीचा पेला असा हवा, की ऊन ऊन खीर ओतली तरी ताठ उभा राहावा, आणि काम झालं की मातीत मिसळून जावा. आधी हट्टी, मग नम्र. एकाच वस्तूच्या अंगी हे दोन्ही गुण यावेत कसे?

हे कोडं पडलं करंजवाडीच्या शाल्मलीला. साल २०६४, वय वर्षं अकरा. करंजवाडीच्या देवळात दरवर्षी कीर्तनसप्ताह असतो. शेवटच्या दिवशी गव्हाची खीर होते, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचा वाटा घरी पोचवतात. पूर्वी स्टीलचे डबे देत. पण डबे गेले ते गेलेच. मग मक्याच्या प्लास्टिकचे पेले आले. हे प्लास्टिक जैवविघटनशील (सूक्ष्मजीव खाऊन संपवतील असं) होतं.

गेल्या वर्षी खाडीपलीकडच्या गोदाक्कांचा वाटा शाल्मलीने नेला होता. गोदाक्कांनी याच देवळात चाळीस वर्षं कीर्तन केलेलं. आता अंथरुणावरून उठवत नाही. सौरहोडी खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत पेला मऊ पडला, दुमडला आणि खीर सांडली. गोदाक्का रागावल्या नाहीत. रिकाम्या पेल्याला हात लावून त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, पोचलं हो. शाल्मलीला तेच फार लागलं. यंदा रिकाम्या हाती जायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

तिचे आजोबा, डॉ. विश्राम पेडणेकर, जन्मभर प्लास्टिकवरच संशोधन केलेले. त्यांनी तिला सांगितलं, की प्लास्टिक हे बहुवारिक (लांबलचक साखळ्यांसारखे रेणू असलेला पदार्थ) आहे. मक्याच्या प्लास्टिकला ऊन खिरीची धग लागली, की या साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात.

"नुसत्या गुळाचा पाक थापला आणि उन्हात ठेवला, तर काय होईल?" आजोबांनी विचारलं.

"पसरेल."

"आणि त्यात भरपूर दाण्याचं कूट घातलं तर?"

शाल्मलीच्या डोळ्यांपुढे चिक्की आली. आजोबा म्हणाले, आपल्यालाही असंच कूट हवं. त्याला भराव (पदार्थाला बळकटी देणारी भुकटी) म्हणतात. हे कूट अंड्यांच्या टरफलांत फुकट मिळतं. टरफल म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवरात असतं तेच खनिज.

आजोबांनी महिनाभर ऑम्लेटच्या गाड्यांवरून टरफलं गोळा केली. ती धुऊन, आतला पातळ पापुद्रा काढून वाळवली. कुटायला होता खलू नावाचा यंत्रमानव. पण शाल्मलीला दम कुठला? तिने त्याला अर्ध्यातच थांबवलं. ती भरड भुकटी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून पेला झाला, आणि जरा दाबताच तडकला.

"घाई तुझी आणि दात झिजले माझे," खलू म्हणाला.

तडा गेला होता नेमका मोठ्या कणापाशी. जाड्या दाण्यापाशीच चिक्की मोडते, तसं. मग खलूने भुकटी पिठासारखी केली, वस्त्रगाळ केली. आजोबांनी तिला वनस्पतिजन्य मेणाचा अगदी थोडा हात लावला, करंजीच्या पिठाला मोहन घालतात तसा. त्यामुळे प्लास्टिक प्रत्येक कणाला धरून बसलं. बारीक कण साखळ्यांच्या मधे उभे राहिले, आणि गार होताना साखळ्याही त्यांच्याभोवती नीट रचून बसल्या. खलूने उकळती खीर ओतली. पेला ढिम्म हलला नाही.

शाल्मली पेला घेऊन देवळात धावली. व्यवस्थापक वासुदेवकाकांनी तो वाजवून पाहिला, कौतुक केलं आणि विचारलं, कशाचा केलास? खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. अंड्याचं नाव ऐकताच काकांनी पेला खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, बाळ, प्रसाद आहे गं.

सप्ताह संपायला चार दिवस उरले होते. आजोबांनी कपाळावर हात मारला. भुकटीच्या नादात हे त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "वासुदेवा, देवाच्या विड्याला चुना कुठला लावतोस?"

"आपल्या खाडीतल्या शिंपल्यांचा. भट्टीत भाजून. पूर्वापार तोच."

"शिंपल्यातही हेच खनिज असतं, बरं का."

काका आपणच हसले आणि म्हणाले, शिंपल्यांना गाव नाही म्हणणार नाही. त्याच संध्याकाळी खाणावळींनी कालवं काढून टाकलेल्या शिंपल्यांची पोती आजोबांच्या अंगणात येऊन पडली. खलूने या वेळी कुरकुर केली नाही.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी होडी खाडी ओलांडून गेली. गोदाक्कांनी पेला दोन्ही हातांत घेतला. ऊब लागली, पण पेला दबला नाही. खीर त्यांनी चवीचवीने संपवली. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं: साखळ्या, कण, मोहन. शाल्मली म्हणाली, हा खतखड्ड्यात जाईल; तिथल्या उबेत सूक्ष्मजीव साखळ्या खातील, शिंपल्याची भुकटी मातीला मिळेल. खाडीत मात्र टाकायचा नाही, तिथे तो लवकर विरत नाही.

"पुढल्या वर्षी देवळात उभी राहा आणि हेच सांग," गोदाक्का म्हणाल्या.

शाल्मली म्हणाली, मला गाता येत नाही.

"सूर मी लावून देते. उद्यापासून ये."

दुसऱ्या दिवशी चारच्या होडीत शाल्मली सगळ्यात आधी जाऊन बसली होती.