दिवाळीतला बर्फ

सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगावरून बबलू खाली आला तो थेट डोक्यावर. पायाला सुतळीने बांधलेल्या बांबूच्या चिपा एकीकडे गेल्या, तो दुसरीकडे.

"गुडघे वाकव म्हणलं होतं की न्हाई?" तनुजाने विचारलं.

"वाकवले की. डोकंच आधी निघालं, त्याला मी का करू?" शेजारचा बबलू केसांतलं भुसकट झाडत म्हणाला.

"गुलमर्गला असं पडलास तर आम्ही तुला ओळखत न्हाई," तनुजाचा धाकटा भाऊ शिवम म्हणाला. "तिथं लोक आपल्याला बघून शिकले पाहिजेत."

बांधावर बसलेले शेषेराव आजोबा हसले. तनुजाने वळून पाहिलं. सिंधुआजी गेली तेव्हापासून त्यांचं हसू कुणी पाहिलं नव्हतं. मुदखेडच्या बाजारापलीकडे, अगदी नांदेडलाही, ते गेले नव्हते. लग्नाला नाही, जत्रेला नाही. मग एका संध्याकाळी टीव्हीवर बर्फाचे डोंगर दिसले आणि आजोबा आपणहून म्हणाले, "सिंधुला हे बघायचं होतं. आपण जाऊन येऊ."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. तारीख दिवाळीची ठरली. सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरून झालेला, शाळेला सुट्टी, म्हणजे घर मोकळं. सहल नेणार होते बाबांचे मित्र हणमंतराव. आजवर ते तिरुपती आणि गाणगापूरला गाड्या न्यायचे. हिमालय ही त्यांची पहिलीच वेळ.

बबलू डोक्यावर पडला त्याच संध्याकाळी हणमंतरावांनी बाबांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. पांढराशुभ्र उतार आणि त्यावरून सुसाट घसरत येणारी माणसं. खाली लिहिलं होतं, 'आजचं गुलमर्ग. तयारीला लागा.'

शिवमने तो तीनदा पाहिला आणि मध्येच थांबवला. "ताई, मागं हॉटेलच्या काचेवर बघ."

काचेवर फुगे लावले होते आणि सोनेरी अक्षरांत 'हॅपी न्यू इयर' लिहिलं होतं.

"आपल्याकडं तर दसरा बी झाला न्हाई अजून," तनुजा म्हणाली.

"काढायची राहिली असतील अक्षरं," बबलू म्हणाला. "आमच्या दारावर अजून मागच्या दिवाळीचं तोरण हाय."

"अन् फुगे? तेबी जानेवारीपासून फुगलेलेच?" शिवमने विचारलं.

बबलूने मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन फुगे पुन्हा पाहिले.

दसऱ्याला बाबा तिघांना नांदेडला शिखांची हल्ला-महल्ल्याची मिरवणूक दाखवायला घेऊन गेले. गुरुद्वाऱ्यात देशभरातून यात्रेकरू आले होते.

"इतक्या लोकांत काश्मीरचं एखादं तरी असेलच," तनुजा म्हणाली. "बर्फाचं खरं काय ते विचारत सुटायचं."

बबलूने लंगरच्या रांगेतच सुरुवात केली. "अंकल, तुम कहां से आये? बर्फ के बाजू से क्या?" एक अमृतसरचे निघाले, एक कर्नालचे. एका म्हाताऱ्या बाबांनी त्याला भूक लागलीय असं समजून जास्तीची पोळी दिली. बबलूने ती खाल्ली आणि विचारणं चालू ठेवलं.

पंगतीत समोर बसलेली जसलीन नावाची मुलगी मात्र बारामुल्ल्याची निघाली. वयाने तनुजाएवढीच.

"गुलमर्ग तो हमारे पास ही है," ती म्हणाली.

"हमको बर्फ पे फिसलना है. दिवाली में," बबलूने सांगितलं.

जसलीन इतकी हसली की तिच्या थाळीतली डाळ सांडली. "दिवाली में? घास पे फिसलोगे. कभी थोड़ी बर्फ गिरती है, पर दोपहर तक पिघल जाती है. स्की करनी है तो जनवरी में आओ." तिने मामाच्या मोबाईलवर निघण्याआधी काढलेला फोटो दाखवला. तोच उतार, सगळा हिरवा. त्यावर मेंढ्या चरत होत्या.

परतीच्या वाटेवर तनुजाने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी लगेच हणमंतरावांना फोन लावला. फोनवरचा आवाज तिघांनाही ऐकू आला. "अरे, हिमालय हाय तो. बर्फ का कुठं गावाला जातो? पोरीचं काय ऐकून राहिलास?" बाबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "त्याला जास्त कळतं, बाळा."

घरी आल्यावर तिघं ओट्यावर बसली.

"आजोबांना सांगून टाकू," बबलू म्हणाला.

"अन् जायचंच न्हाई म्हणाले तर?" तनुजाने विचारलं. "एवढ्या दिसांनी ते बाहेर पडायला तयार झालेत. परत होतील का?"

"न्हाई सांगितलं तर मेंढ्या बघून येतील," शिवम म्हणाला. "मेंढ्या तर आपल्याकडंबी हायत."

तनुजा म्हणाली, "खरं ते हणमंतकाकांच्याच तोंडून निघालं पाहिजे. उद्या ते चहाला येणार हायत."

दुसऱ्या दिवशी हणमंतराव आले. आजोबा शेजारीच बसले होते. तनुजाने चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "काका, आमच्या मापाचे स्कीचे बूट मिळतील का, तेवढं हॉटेलवाल्याला विचारा ना. बबलूचा पाय लई मोठा हाय."

"माझा?" बबलू म्हणाला. शिवमने त्याला कोपर मारलं. "हाव, हाव, लईच मोठा हाय," बबलू घाईने म्हणाला.

"आत्ता विचारतो," हणमंतराव ऐटीत म्हणाले.

"स्पीकरवर लावा काका. आम्हालाबी ऐकायचंय," शिवम म्हणाला.

हॉटेलवाल्याचा आवाज साऱ्या ओसरीत घुमला. "जनाब, दिवाली में कौन सी स्की? ढलान पे घास है. मैंने आपको बताया था ना?"

हणमंतरावांच्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला. "सांगितलं होतं त्यानं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, टाळून राहिला. तिरुपतीला तर बारा महिने दर्शन असतं."

आजोबा उठले, डोक्यावर टोपी ठेवली आणि शेताकडे चालू लागले. तनुजा मागोमाग पळाली.

हरभऱ्यासाठी रान तयार होतं. आजोबांनी वाकून मूठभर माती उचलली आणि दाबली. मातीचा चिखलासारखा गोळा झाला.

"पेरायचं का, आजोबा?" काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

"न्हाई. ओल जास्त हाय. वाफसा येऊ दे."

"पण ट्रॅक्टरवाल्याला तर उद्याचं सांगितलंय. माणसंबी मोकळी हायत."

"माणसं मोकळी हायत म्हणून पेरत असतात का? रान म्हणल तवा पेरायचं."

तनुजाने धीर केला. "मग आजोबा, बर्फाला तरी आपली तारीख कामून द्यायची? आपलं सोयाबीन निघालं, हे त्याला काय मालूम?"

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. हातातला गोळा त्यांनी खाली टाकला आणि मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"जनम गेला माझा रानात," ते म्हणाले. "अन् घर कवा मोकळं होतं, तेवढंच बघत बसलो. हंगाम तू बघितलास. सिंधु असती तर आज साऱ्या गल्लीला सांगत फिरली असती."

"मग जायचं?"

"म्हणजे? तिचं नाव घेऊन निघालोय. गवत बघून परत येत नसतो मी."

त्यांनी तिथूनच बाबांना फोन लावला. "हणमंतला उठू देऊ नको. जानेवारीचं ठरवायचं हाय."

"जानेवारीत हरभऱ्याला घाटे धरतात, दादा," बाबा पलीकडून म्हणाले. "रानडुकरं लागतात. राखण कोण करील?"

"शेजारच्या रानातला शिवप्पा करील. त्याला मी बोलतो. अन् त्या बबलूच्या आईलाबी नवी तारीख सांगा. हणमंतला चहा दुसरा द्या, पहिल्यात बिस्कीट पडलंय."

तनुजाला एकदम आठवलं. "आजोबा, जानेवारीत शाळा असते. आमच्या नांदेडच्या शाळेतल्या बाई रजा देत न्हाईत. घरातलं मोठं माणूस तिथं येऊन भेटलं तरच देतात."

आजोबांनी मोबाईल खिशात ठेवला आणि हात झटकले.

"दसऱ्याची सुट्टी संपून शाळा सोमवारी उघडते ना? मग सकाळी मला हाक मार," ते म्हणाले. "तुझ्याबरोबर मीच येतो नांदेडला."