शेवट बदलायचा नाही

काय रे रोशन, विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंयस कधी?

नाही ना? मग बस इथे. संचिता, तूपण बस. तालीम झाली, चहा झाला, आता गच्चीवरचा तो मोठा दिवा बंद करा. डोळ्यांवर येतोय. तुम्ही सोसायटीच्या नाटकासाठी पुस्तकातली गोष्ट घेताय आणि मघाशी म्हणत होतात, शेवट जरा गोड करू. म्हणून सांगतोय.

प्रॉम्प्टर म्हणजे अंधारात बसलेला माणूस. मांडीवर स्क्रिप्ट, हातात बारीक टॉर्च. नट अडला की हळूच वाक्य द्यायचं. आमच्या गावकरी मंडळांच्या नाटकांत त्याच्याशिवाय पान हलत नाही. सगळे नोकरीवाले, पाठांतराला वेळ कुठला? विंगेतून जे येईल ते बोलायचं. कोण देतंय ते वळून बघायचं नाही. सगळ्यांना तीच सवय.

माझा मित्र लवू असा पंचवीस वर्षं प्रॉम्प्टर होता. मूळ रत्नागिरीकडचा, भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहतो. माझ्याबरोबर छापखान्यात होता. हे त्याने स्वतः मला सांगितलंय, आणि लवूला थापा मारता येत नाहीत. जन्मात जमल्या नाहीत त्याला.

गेल्या वर्षीची गोष्ट. अठरा जानेवारी, शनिवार. आदल्या दिवशी संकष्टी झाली होती. लवूच्या मंडळाच्या नाटकाचा प्रयोग रात्री साडेआठला, भाईंदर पूर्वेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. लवूच्या स्क्रिप्टवर तालमीत चहा सांडला होता, म्हणून चार वाजता तो स्टेशनजवळ नवी झेरॉक्स काढायला गेला. पानं गरम गरम हातात आली. त्याने पहिलं पान बघितलं आणि तिथेच उभा राहिला.

जुन्या प्रतीवर होतं, ‘मूळ कथा : आनंदी पाष्टे’. नाटक बसवणाऱ्या निहारने झेरॉक्ससाठी दिलेल्या नव्या प्रतीवर ती ओळच नव्हती. नुसतं, ‘लेखक-दिग्दर्शक : निहार’.

आनंदीबाई कोण? जेसल पार्कला पोळी-भाजीचे डबे करायच्या. एकट्या. नवरा कधीच गेलेला. तो होता तेव्हा दारू पिऊन आला की त्यांना रात्रभर चाळीच्या पॅसेजमध्ये बाहेर काढायचा आणि घराच्या हिरव्या दाराला आतून साखळीची कडी घालून घ्यायचा. थंडीतसुद्धा. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत. पण डबे पोचवून झाले की दुपारी वहीत लिहायच्या. एक कथा त्यांनी मंडळाच्या हळदीकुंकवाला वाचून दाखवली. त्या कथेतली बायको एका रात्री नवऱ्याच्या आधी घरी येते आणि दार लावून घेते. तो बाहेरून ठोठावतो, रडतो, शपथा घालतो. ती चहा करते, बसून पिते. दार उघडत नाही. संपली गोष्ट. 

निहार तिथेच होता. बत्तीस वर्षांचा, विम्याच्या ऑफिसात कामाला, पण जीव सगळा नाटकात. त्याने वही मागितली. आनंदीबाईंनी लवूसमोर दिली आणि म्हणाल्या, “नाटक कर, सिनेमा कर, काय पण कर बाबा. माझ्या दोनच अटी. नाव माझं टाकायचं. आणि शेवट बदलायचा नाही.”

निहारने त्यांच्या पायांना हात लावून हो म्हटलं.

दिवाळीआधी बाई काविळीने गेल्या. मागे कोणी नव्हतं.

आणि आता प्रयोगाला अंधेरीचा एक निर्माता येणार होता. नाटक आवडलं तर त्याचा सिनेमा करणार होता. बारा वर्षं खेटे घातल्यावर निहारच्या हाताला ही एक संधी लागली होती.

लवू तडक हॉलवर गेला. निहार मेकअपला बसला होता. नवऱ्याचं काम तोच करत होता.

“निहार, बाईंचं नाव गाळलंस?”

“लवूकाका, निर्मात्याला ओरिजिनल स्टोरी पाहिजे. लेखक एकच असला की बरं पडतं.”

“आणि शेवटाचं काय? तालमीपासून सांगतोय तुला. बाईने दार उघडून त्याच्या पायावर पडायचं?”

“अहो, लेडीज पब्लिक आहे, रडायला नको? कथा वेगळी, स्टेज वेगळं. तेवढं बदलावं लागतं.”

“तू त्यांना शब्द दिला होतास.”

निहार आरशातच हसला. “काका, मेलेल्या माणसाला फ्लेक्स वाचता येतो का?”

मेकअपवाला पण हसला. लवू विंगेत जाऊन बसला.

पहिला अंक झकास झाला. नायिकेचं काम करणारी सुरुची बँकेत होती, पाठांतर कच्चं, पण वाक्य दिलं की उचलायची. निर्माता पहिल्या रांगेत होता. मध्यंतरात त्याने निहारच्या पाठीवर थाप मारली, हे लवूने विंगेतून बघितलं.

शेवटचा प्रवेश सुरू झाला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

स्टेजवर घर. मधोमध प्लायवूडचं दार, बाजूला कापडाची भिंत. दाराच्या मागे काही नाही, मोकळी जागा. तिथे निहार उभा. तिथून तीन पावलांवर विंगेत लवू. दार लावून सुरुचीने स्टेजच्या बाजूने बोल्ट सरकवला. निहारने ठोठावलं.

“सुनंदा, दार उघड. चुकलो मी.”

स्क्रिप्टमध्ये पुढे लिहिलं होतं, सुनंदा रडत दार उघडते. सुरुची दाराकडे गेली. बोल्ट काढला. हँडलला हात घातला.

“उघडू नको.”

वाक्य विंगेतून आलं. बाईच्या आवाजात. लवूच्या पाठीमागून... अगदी कानाजवळून.

लवूचे ओठ मिटलेले होते.

सुरुची थांबली. विंगेतून आलं म्हणजे घ्यायचं, सवयच ती. तिने हँडल सोडलं.

“मागे हो. चहा ओत.”

ती मागे झाली. कपात चहा ओतला.

“बस. पी.”

ती बसली. प्यायला लागली.

लवूला मागे वळून बघायचं होतं. मान वळेना.

“सुनंदा, दार उघड!” निहार पुन्हा म्हणाला. मग हळू आवाजात, “ए सुरुची, काय करतेयस? उघड ना.”

सुरुची चहा पीत होती.

निहारने दार ढकललं. हललं नाही. बोल्ट तर काढलेला होता. त्याने खांदा लावला. दार हललं नाही. लवूने हाताने खूण केली, अरे, इकडून ये, विंगेतून ये. मोकळी जागा होती. तीन पावलं.

निहार विंगेकडे वळला... आणि थांबला. दोन्ही हात पुढे करून तो हवा चाचपायला लागला. आंधळा माणूस भिंत चाचपतो तशी. एका बाजूला. मग दुसऱ्या बाजूला. मग मागे.

मागे हात नेला, आणि झटकन ओढून घेतला.

“इथे कोणीतरी आहे,” तो म्हणाला.



“लवूकाका... इथे कोणीतरी बाई आहे.”

लवूला तो एकटाच दिसत होता.

मग निहार दारावर दोन्ही मुठी मारायला लागला. ओरडायला लागला. नावं घेऊन. सुरुचीचं. आईचं. देवाचं. त्या ओरडण्यात नाटक उरलं नव्हतं. पण पब्लिकला काय कळणार? कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळा हॉल वाजवायला लागला. तो ओरडतोय आणि हे टाळ्या वाजवतायत...

सुरुचीने कप खाली ठेवला.

लवूच्या कानाशी आवाज आला. शांत होता. “आता पडदा.”

पडदा पाडणाऱ्यानेही तो ऐकला. त्याने पडदा पाडला.

लवूची मान सुटली. मागे कोणी नव्हतं. तो उठला, तीन पावलं चालला. मधे काही लागलं नाही त्याला. निहारचा हात धरून त्याने ओढत बाहेर आणला. हात बर्फासारखा होता, नखं तुटली होती. सुरुची धावत आली, “काका, तुम्ही शेवट बदललात तर आधी सांगायचं ना!” 

तेवढ्यात निर्माता आत आला. डोळ्यांत पाणी त्याच्या.

“कमाल! क्या एंड है, भाई! पिक्चर में यही रहेगा. किसने लिखा ये?”

निहारने तोंड उघडलं. हीच वेळ होती त्याची. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ती. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो मात्र रिकाम्या विंगेकडे बघत होता. वाक्य विसरलेला नट बघतो तसा.

मग कोणीतरी सांगितल्यासारखं, एक एक शब्द सुटा करत तो म्हणाला, “कथा... आणि शेवट... आनंदी पाष्टे.”

“अच्छा? तो फिर उन्हीं से मिलवाइए ना.”

“त्या वारल्या,” लवू म्हणाला, “मागे कोणी नाही.” मग कथेचे हक्क कोणाकडून घेणार? निर्माता निघून गेला. पुन्हा त्याचा फोन आला नाही.

निहार? तो नोकरी सोडून गावी गेला, खेडला. नाटकाचं नाव काढलं की उठून जातो म्हणे. घरातलं एक पण दार लावू देत नाही. आई रात्री दारं उघडी टाकून झोपते.

हस रोशन, हस. लवूसुद्धा सगळ्यांना हेच सांगत होता, की पोराला टेन्शन आलं, प्लायवूड फुगून चौकटीत अडकलं असेल. स्वतःला पण तेच सांगून तो त्या रात्री झोपला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊ वाजता, सेटवाला रामू सामान न्यायला टेम्पो घेऊन आला. दार त्याने गुरुवारीच वरसाव्याला, आपल्या कारखान्यात नवंकोरं बनवलं होतं. त्याने आणि लवूने ते चौकटीसकट आडवं केलं, तेव्हा मागची बाजू वर आली. त्या बाजूला, जिथे निहार उभा होता तिथे, साखळीची लोखंडी कडी होती. जुनी, गंजलेली, स्क्रूंवर हिरव्या रंगाचे तीन-चार थर बसलेले. रामू म्हणाला, ही मी लावलेली नाही. कडी चौकटीच्या कोयंड्यात घट्ट घातलेली होती. दोघांनी ती काढली नाही. दार तसंच उचलून टेम्पोत ठेवलं.