काढून ठेवलेल्या तारा

लॉन्ड्रीत तिला सगळे मिरची म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. फिट यायची ती वर्षातून फार तर दोनदा. राग मात्र रोज यायचा आणि बहुतेक वेळा तो रास्तच असायचा.

आज भरदुपारी ती दवाखान्यात बसली होती ती एका दाखल्यापायी. महिन्यापूर्वी लॉन्ड्रीतल्या चादरी वाळवायच्या तापत्या खोलीत तिच्याबरोबर काम करणारी मावशी कोंडली गेली होती. चादरी चोरीला जातात म्हणून सुपरवायझर त्या दाराला बाहेरून कुलूप लावायचा. यंत्रांच्या घरघरीत आतलं ठोठावणं एकट्या मिरचीला ऐकू आलं. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. ती धावत सुपरवायझरकडे गेली.

"तुझ्या डोक्यात वाजत असेल," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

कुलूप उघडलं तेव्हा मावशी संपली होती. मिरचीने चारचौघांत त्याचे वाभाडे काढले, वर लेखी तक्रारही केली. त्याने मालकांना कळवलं की बाई आजारी आहे, भ्रम होतात, झटक्यात काहीही बोलते. आता डॉक्टरांनी तसं लिहून दिलं की तक्रार केराच्या टोपलीत जाणार होती आणि कुलूप जिथल्या तिथे राहणार होतं.

तिच्या तोंडून सगळी हकिकत ऐकलेल्या टेक्निशियन बाईंनी मेंदूच्या लहरी टिपायला डोक्याला लावलेल्या तारा सोडवल्या आणि खुंटीला टांगल्या. केसांत लेप चिकचिकत होता. डॉक्टरांनी मेंदूची फिल्म उजेडात धरली, पण बोलले ते सोबत आलेल्या सुपरवायझरशी.

"हा बदामाएवढा भाग बघा. डाव्यापेक्षा उजवा लहान आहे. चिडचिड, हट्ट, एकच गोष्ट धरून बसणं... हा यांचा स्वभाव नाही, आजार आहे."

"मग मावशी कुणाच्या आजाराने मेली?" मिरचीने विचारलं.

"बघितलंत ना, साहेब?" सुपरवायझर हळूच म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिवानिशी गेलेल्या बाईचं कारण हे दोघे तिच्या कवटीत शोधत होते. तिचा रागसुद्धा तिचा नव्हता म्हणे. डॉक्टरांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला.

"डॉक्टर..." टेक्निशियन बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "यंत्र थांबत नाहीये."

कोपऱ्यातल्या, मेंदूच्या लहरी पेनांनी रेखाटणाऱ्या जुन्या यंत्राचा कागद सरकत होता. तिसरं पेन उसळलं, तीनदा. थांबलं. पुन्हा तीनदा.

"प्लग काढा."

"काढलाय."

खोलीत तापलेल्या ओल्या कापडाचा वास भरला. पेन उसळत राहिलं, मग मंदावलं आणि त्याची रेघ सपाट झाली. त्या दिवशीही ठोठावणं असंच थांबलं होतं. मिरची तेव्हा दाराला कान लावून उभी होती.

मग पाचवं पेन हललं. दोनदा, घाईघाईने. पुन्हा दोनदा.

"आत मावशी एकटीच होती ना?" टेक्निशियन बाईंनी विचारलं.

"एकटीच," मिरची म्हणाली.

ती सुपरवायझरकडे वळली. "आज कुलूप लावलंय?"

त्याने पाचव्या पेनाकडे पाहिलं.

"किल्ली कुठाय?"

त्याचा हात खिशाकडे गेला. "आत कुणी नाही... मी बघून लावलंय."

"त्या दिवशीही बघूनच लावलं होतंत."

तिने टेबलावरच्या फोनवरून लॉन्ड्रीचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. त्या घरघरीत ती कुणाला ऐकू येणार होती?

"बाई, शांत व्हा," डॉक्टर म्हणाले.

"नाही होणार," ती म्हणाली.

सुपरवायझरने किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. किल्ली एवढी तापलेली होती की हात भाजला, तरी तिने मूठ मिटली आणि दाराकडे धावली.

"पळ गं," मागून टेक्निशियन बाईंचा आवाज आला. "मंदावतंय..."