शिडी धरणाऱ्यासाठी सूचना

"अहो, जरा शिडी धरता का? दोनच मिनिटं!"

मी आजूबाजूला पाहिलं. फुटपाथवर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. वाचनालयासमोरच्या खांबावर नवा दिवा बसवायला शिडी टेकवून पालिकेचा वायरमन उभा होता, खांद्यावर पिशवी आणि तोंडात टेस्टर. त्याचे जोडीदार काका दात काढायला गेले होते म्हणे.

"शिडीवर एकट्याने चढू नये," मी म्हणाले. "सूचना क्रमांक चार."

त्याने तोंडातला टेस्टर काढला. "म्हणजे त्या सूचनाताई तुम्हीच?"

पालिकेचं चार पानी मासिक पत्रक मी काढते. पाणी कधी येणार नाही, कुठला रस्ता खोदणार, आणि शेवटच्या पानावर सुरक्षिततेच्या सूचना. शेगडी बंद केली का पाहा. ओल्या हाताने बटण दाबू नका. त्या कुणी वाचत असेल, अशी आशा मी केव्हाच सोडली होती.

"ऑफिसात सगळे तेच म्हणतात," मी शिडी धरत म्हटलं. "तुम्हीही म्हणा."

"नको. मी आपलं नुसतं सूचना म्हणेन."

"का?"

"आत्ताच ताई म्हटलं... तर पुढे पंचाईत व्हायची."

आणि हा शहाणा सरळ वर चढून गेला. मी शिडी धरली होती म्हणून बरं, नाहीतर खाली उभी असलेली मीच पडले असते.

काकांच्या एका दाताचे तीन झाले आणि ते आठवडाभर रजेवर गेले. मग रोज साडेपाचला ऑफिस सुटलं की माझे पाय आपोआप खांबांच्या दिशेने वळायला लागले. तो वरून बोलायचा, मी मान वर करून ऐकायचे. मान दुखायची, पण तक्रार करायला कुणाला वेळ होता?

"वरून काय दिसतं हो?"

"तुमचा भांग. जरा वाकडा आहे."

"कामाकडे लक्ष द्या!"

"कामच करतोय. खालचा माणूस नीट उभा आहे ना, हे वरच्यानेच बघायचं असतं."

चार वर्षं तो कंत्राटावर होता. पुढच्या महिन्यात कायम होणार होता. "एकदा कायम झालो की आईला घेऊन... म्हणजे, एका ठिकाणी जायचंय," तो म्हणाला आणि उगाचच एक घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा पिळत बसला. कुठे, ते मी विचारलं नाही. पण त्या रात्री आरशासमोर भांग तीनदा पाडला.

शेवटच्या खांबावर दिवा लागला तेव्हा उजेड नेमका त्याच्या चेहऱ्यावर पडला. तो खाली बघून हसला. असा हसला, की मी काय करते आहे याचं मला भानच राहिलं नाही. मी शिडी सोडली, तीन पावलं मागे गेले आणि फोटो काढला.

आता खरा वेडेपणा ऐका. मी तो फोटो पत्रकात छापला! नव्या दिव्यांच्या बातमीसाठी, शेवटच्या पानावर. आणि त्याच्या बरोबर खाली, माझ्याच हाताने बसवलेल्या चौकटीत, ठळक अक्षरांत: 'शिडीवर एकट्याने चढू नये.'

गावभर हशा पिकला. घरी आईने पत्रक लांब धरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "फोटो कुणी काढलाय ते विचारत नाही," ती म्हणाली. "खांबावर चढून असं उगाच कुणी हसत नाही."

तिसऱ्या दिवशी त्याला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. कायम होण्याची फाइल तिथेच अडकली.

संध्याकाळी तोच माझ्या टेबलापाशी आला. हातात कागद होता. "तेवढं शुद्धलेखन बघून द्या."

मी वाचलं. 'चूक माझी आहे. त्या वेळी खाली कुणीही नव्हतं.'

"कुणीही नव्हतं?" माझा आवाज चिरकला. "आणि मी कोण होते? आठ दिवस मान मोडून उभी होते, ती कोण?"

"तुमचं नाव आलं तर तुम्हाला नोटीस मिळेल."

"मिळू दे!"

मी तो कागद टराटरा फाडला आणि तशीच मुख्याधिकारी बाईंच्या खोलीत शिरले. "बाई, खाली मी होते. फोटोसाठी शिडी मीच सोडली. त्याची काही चूक नाही."

बाईंनी चष्मा नाकावर खाली घेऊन फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "तरीच," त्या म्हणाल्या. "आम्हा अधिकाऱ्यांकडे बघून कुणी असं हसत नाही." मग कडक आवाजात म्हणाल्या, "त्याची नोटीस दप्तरी दाखल करते. तुम्हाला मात्र देते. आणि शिडी धरणाऱ्यासाठी एकही सूचना नाही तुमच्या पत्रकात. लिहा!"

मी लिहिली. पुढच्या अंकात, पहिल्या पानावर: 'वर माणूस असेपर्यंत शिडी धरणाऱ्याने कोणत्याही कारणाने शिडी सोडू नये.'

तो कायम झाला त्या संध्याकाळी वाचनालयासमोर भेटला. शिडी नव्हती. हातात पत्रक होतं, घडी घालून घालून मऊ झालेलं.

"तुमच्या नोटिशीला काय कारण दिलंत?"

"खरं तेच. तो हसला, म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. मग पत्रकातल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "यात एक राहिलंय... 'वर माणूस असेपर्यंत' ठीक आहे. पण तो खाली उतरल्यावर?"

मी सूचनाताईंच्या आवाजात म्हणाले, "उतरल्यावर शिडी सोडावी. माणूस सोडू नये."

"हे लेखी द्याल?"

मी त्याचा हात धरला. लेखी द्यायला मग हातच मोकळा राहिला नाही.