फांदीवरचा निळा रंग

वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी भर दुपारी झाडाची जाडजूड फांदी बैठ्या खोलीचं छप्पर फोडून आत आली आणि घरमालकाच्या पलंगावर आडवी झाली. मालक तेवढ्यात पाणी प्यायला उठले होते, म्हणून वाचले.

वहिनी आणि भावजी पोहोचले तेव्हा फांदी तशीच पडून होती. भगदाडातून झिरपणाऱ्या उजेडात तिची पानं अजून हिरवीगार होती; दमून आलेली पाहुणी गाढ झोपावी तशी. भावजी नकळत पाऊल न वाजवता चालू लागले.

वहिनी खासगी तपासनीस. भावजी त्यांचे दीर, आणि स्वतःच्याच शब्दांत 'पिशवी धरणारे'. त्यांना बोलावलं होतं छाटणीवाल्याने.

"ही फांदी पडणार, काढू या, असं मीच सांगितलं होतं. मालक नाही म्हणाले. मग दुसऱ्या बाजूचं फक्त वाळकं छाटून गेलो. आता म्हणतात, रागाने मीच अर्धी कापून ठेवली. त्यांच्या तक्रारीवरून संध्याकाळी माझा परवाना रद्द होतोय हो!"

वहिनींनी फांदीचं टोक न्याहाळलं. वरचा अर्धा भाग करवतीने सरळ कापलेला, त्यावर निळा रंग ओघळलेला. खालचा अर्धा फाटलेला, सालीची लांब पट्टी सोलून आणलेला.

"तुम्ही कापता कसं?"

"आधी खालून थोडी चीर, मग वरून. नाहीतर साल सोलली जाते."

"आणि रंग?"

"छे! झाड आपली जखम आपणच बुजवतं. रंगाने आत ओल कोंडते."

शेजारी कुंपणावरूनच गरजला, "माझ्या गच्चीवर ऊन येत नाही, हे खरंय. पण मी करवत घेतली असती तर थेट बुंध्याला!"

मालक म्हणाले, "हिरवं एक पान तोडलेलं मला खपत नाही. ताईला विचारा."

मालकांची थोरली बहीण वरच्या खोलीत होती. खिडकीची चौकट नुकतीच निळी रंगवलेली. भावजींनी खिडकीतून हात बाहेर काढून झाडावर उरलेलं फांदीचं थोटूक चाचपलं आणि मनगट खरचटून घेतलं. ताई मलम घेऊन हजर.

"जखम उघडी ठेवू नये हो."

वहिनींनी सगळ्यांना झाडाखाली जमवलं. सावल्या पाण्यासारख्या हलत होत्या.

"बोला भावजी, कोणी केलं?"

"शेजाऱ्याने! काप लपवायला रंग ओतला."

"लपवणारा खोडासारखा रंग शोधतो. निळा कशाला घेईल? हे मलम आहे, भावजी. कापणाऱ्याला झाडाची दया आली. कापायची रीत माहीत नाही, पण हात फांदीपर्यंत पोहोचतो आणि उघडी जखम बघवत नाही, असं या घरात कोण आहे?"

भावजींनी मनगटाकडे पाहिलं.

"ताई?" मालक पुटपुटले.

"तू ऐकत नव्हतास," ताई म्हणाल्या. "रोज तिच्याखाली झोपायचास. अर्ध्यात हात भरून आला. उरलेली तू बाहेर गेल्यावर कापणार होते. छप्पर काय, पुन्हा घालता येतं."

मालकांनी फोन लावला. "तक्रार मागे घेतो. हो, चूक आमच्याच घरची."

फोन ठेवून ते छाटणीवाल्याकडे वळले.

"ताईच्या खिडकीवर ती दुसरी झुकलीय... ती कधी काढता?"

छाटणीवाल्याने खांद्यावरचा दोर खाली उतरवला. "तुम्ही सगळे आधी लांब उभे राहा," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी मालक हलले, ताईंचा हात धरून.