भृंगराज नक्कल करतो

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली त्याला खोटं बोलताच येत नाही. आयुष्यात एकदाच त्याने आजारपणाची खोटी रजा टाकली होती. दुपारी स्वतःच फोन करून "आता बरं वाटतंय" असं कळवून मोकळा झाला.

रविवार होता. सकाळचे पावणेसहा. जंगल उद्यानातली तिसरी पायवाट. तिकडे पर्यटक फिरकत नाहीत, कारण वाघबिघ काही नाही, नुसते पक्षी.

हा गृहस्थ कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, पांढऱ्या साच्यांच्या गराड्यात. पक्ष्यांचं वेड त्याच्या दादाला. गणिताचा मास्तर, पण गळ्यात कायम दुर्बीण. आठ महिन्यांपूर्वी याच वाटेवर कुठल्याशा पक्ष्याच्या शिळेचा माग काढत दादा झाडीत शिरला.

परत आला नाही.

सहा दिवस शोध झाला. बूटसुद्धा सापडला नाही.

आणि परवा उद्यानातल्या वाटाड्याचा फोन आला.

"साहेब, तुमच्याकडे ढब्या कोण आहे? तिसऱ्या वाटेवर झाडीतून त्या नावाने हाका ऐकू येतायत."

दाराबाहेर दोन पेशंट बसले होते. याने आवाज खाली आणला. "मी."

त्या नावाने फक्त दादा हाक मारायचा.

निघताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, काही सापडलं तर सांगा. नाही सापडलं तरी सांगा."

वाटाड्या भला माणूस. चालता चालता समजूत घालत होता.

"भृंगराज असणार, साहेब. काळा पक्षी, शेपटीला दोन लांब दोऱ्या. कुणाचीही नक्कल करतो. माझ्या खोकल्याचीसुद्धा! माझा डॉक्टरांनी बरा केला, त्याचा अजून चालू आहे."

याला जरा हायसं वाटलं. पक्षी तर पक्षी.

तेवढ्यात...

"ढब्या... ए ढब्या..."

तोच चिडका सूर. याचं गणित चुकलं की दादाला लागायचा तो.

"पक्षीच," वाटाड्या म्हणाला.

"एकदा ऐकून शिकतो का हो?"

"छे! रोज कानावर पडावं लागतं. आठवडेच्या आठवडे..."

वाटाड्या बोलता बोलता थांबला.

शोध तर सहा दिवसांत आटोपला होता. म्हणजे त्यानंतरही दादा इथं रोज हाका मारत होता.

"दादा!" हा ओरडला. "वहिनी वाट बघतायत रे!"

जंगल गप्प झालं. किडेसुद्धा.

मग, अगदी जवळून...

"तिला काही सांगू नकोस."

पक्षी नक्कल करतो. उत्तर देत नाही.

याने वर पाहिलं. फांद्या रिकाम्या होत्या. आवाज वरून येतच नव्हता. जमिनीलगत, वेताच्या जाळीतून येत होता.

हा आत घुसला. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला मांडीपर्यंत चिखलात गेला. वाटाड्याने मागून पाठपिशवीचा पट्टा धरला.

"सोडा मला! तो इथंच आहे!"

"असेल, साहेब. म्हणून तर सोडत नाही."

याने जाळीत हात घातला. खांद्यापर्यंत घातला. पलीकडून कुणी धरला नाही.

"आज नको," आवाज म्हणाला. फार दमलेला होता. "उद्या ये. उद्यापर्यंतच आहे मी..."

"येतो, दादा! उद्या नक्की येतो!"

पुन्हा किडे किरकिरू लागले. वाटाड्याने त्याला कसंबसं ओढून वाटेवर आणलं.

फाटकाशी फोनला रेंज आली. वहिनींचे सात मिस्ड कॉल. आठवा वाजतच होता. तो हातातल्या फोनकडे नुसता बघत राहिला. वाजून वाजून बंद झाला.

मग चिखलाच्या पायांनी तसाच तो तिकीटखिडकीशी गेला.

"उद्याचं एक द्या. सगळ्यात पहिलं."

खिडकीतल्या बाईंनी मान वर केली नाही.

"उद्या सोमवार," त्या म्हणाल्या. "सोमवारी उद्यान बंद असतं."