कासव म्हणतं, पाणी नेहमीसारखं

मासा फोडांनी भरलेला, आणि नदीवर पहारा करणारं यंत्र म्हणतं सगळं ठीक. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

हा प्रश्न ऊर्मी निमकरला पडला २०५८ सालच्या सप्टेंबरात, ग्रे विलो नदीच्या धक्क्यावर. कॅनडाच्या पार उत्तरेत, जिथे वाळूतून तेल काढतात, तिथे फोर्ट हार्लो नावाचं गाव होतं. अकरा वर्षांची ऊर्मी तिथे आई-बाबांबरोबर आणि आबांबरोबर राहायची. आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. पद्माकर निमकर. पाण्याचे शास्त्रज्ञ. नदीतला यंत्रमानव त्यांनीच बनवला होता. तो दिसायला परातीएवढा, पाठीला ढाल, बाजूंना चार वल्ही. त्याचं नाव आबांनी ठेवलं होतं कासव.

कासव रोज सकाळी, हिवाळ्यात बर्फाखालूनसुद्धा, पाणी चाखायचं, धक्क्याला लागायचं आणि पाठीवरचा हिरवा दिवा लावून म्हणायचं, "पाणी नेहमीसारखं."

तीस वर्षं. रोज. एकदाही लाल दिवा लागला नव्हता.

त्या सकाळी अडेलआजी होडीनं आल्या होत्या. नदीच्या खालच्या अंगाला स्वान बेंड नावाची त्यांची वस्ती. ते लोक इथले मूळ रहिवासी, तेलाचा शोध लागण्याच्या हजारो वर्षं आधीपासूनचे. अडेलआजींनी धक्क्यावर फडकं पसरलं आणि त्यावर मासा ठेवला. पांढऱ्या पोटावर लालसर फोड, वाटाण्याएवढे.

"हा बघ. तुझ्या आजोबांच्या कासवाला दाखव."

"पाणी नेहमीसारखं," कासव म्हणालं.

"खरं कासव हिवाळ्यात झोपतं," अडेलआजी म्हणाल्या. "हे बारा महिने झोपलेलं आहे."

ऊर्मीला हसू आलं, पण अडेलआजी हसत नव्हत्या. "परवा सुनावणी आहे, पोरी. नदी मंडळ ठरवणार की वरच्या गाळतळ्याचं दार उघडायचं की नाही. कासवानं परवाही 'नेहमीसारखं' म्हटलं, की दार उघडलं. ते पाणी दोन दिवसांत माझ्या चुलीवरच्या किटलीत."

आता गाळतळं म्हणजे काय ते सांगायला हवं. वाळूला चिकटलेलं तेल सोडवायला गरम पाणी लागतं, नदीभर लागतं. तेल निघून जातं, घाण पाण्यात राहते. ते पाणी परत नदीत सोडता येत नाही, म्हणून बांध घालून तळी करतात. तळी मैलोन्‌मैल पसरलेली. त्यांवर बदकं उतरू नयेत म्हणून दिवसभर बार काढतात. बदकांसाठी बार काढायची अक्कल ज्यांना आहे, त्यांनी तळ्याच्या बुडातून काय झिरपतं ते मोजायचं काम कुणाला दिलं? कासवाला.

"तुम्ही पाणी उकळून पिता ना?" ऊर्मीनं विचारलं.

"सरकारनं सांगितलंय उकळा, म्हणून उकळतो. माझ्या बहिणीला, दोन शेजाऱ्यांना कॅन्सर झाला, तरी उकळतोच. शुद्धीकरणाचं यंत्र मंजूर होऊन सात वर्षं झाली. कागदावर फार छान चालतं ते."

उकळल्यानं जंतू मरतात. आर्सेनिक (जमिनीतलं एक विषारी मूलद्रव्य) मरत नाही. पाणी आटतं आणि ते दाट होतं. ऊर्मीला हे आबांनीच शिकवलं होतं.

ती कासवापुढे उकिडवी बसली. "कासवा, नेहमी म्हणजे कधी?"

"मागची पाच वर्षं," कासव म्हणालं. "त्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा आज पंचवीस टक्के जास्त असेल, तर लाल दिवा. नाहीतर हिरवा."

"आणि त्याआधी पाणी कसं होतं?"

"त्याआधीचं माझ्याकडे काही नाही. बारा वर्षांपूर्वी मंडळानं जुना साठा पुसला, आणि तेव्हापासून पाच वर्षांपलीकडचं सगळं पुसलं जातं. कारण, खर्चकपात."

अडेलआजींनी मासा फडक्यात गुंडाळला. "मला आहे ना आठवण. पण माझी आठवण कुठल्या रकान्यात भरायची ते त्यांना सापडत नाही." आणि त्या होडीकडे गेल्या.

ऊर्मी धावत घरी आली. आबा स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते.

"आबा, पाचच वर्षं का?"

आबांनी गॅस बारीक केला. "अगं, नदी आहे ती. पुराच्या वर्षी गढूळ, कोरड्या वर्षी दाट. एकाच वर्षाशी तुलना केली तर कासव उगाच बोंबलत सुटेल. म्हणून मी सरासरी घेतली. चांगला नियम आहे."

"पण पाणी दरवर्षी थोडंथोडंच बिघडलं तर?"

"तर..." आबा म्हणाले आणि थांबले. मोहरी करपली. त्यांनी कढई उतरवली, ऊर्मीची वही ओढली आणि आकडे मांडायला लागले.

"समज, पहिल्या वर्षी विष शंभर. दरवर्षी शंभराला पाच वाढतंय. मग शंभर, एकशे पाच, एकशे दहा, एकशे सोळा, एकशे बावीस. या पाचांची सरासरी किती?"

ऊर्मीनं बोटं मोजली. "एकशे अकराच्या आसपास."

"सहाव्या वर्षी एकशे अठ्ठावीस. सरासरीपेक्षा किती जास्त?"

"पंधरा टक्के. म्हणजे हिरवा."

"सातव्या वर्षी पहिलं शंभर गळून पडतं, एकशे अठ्ठावीस आत येतं. सरासरीच वर सरकते. मग पुन्हा पंधरा टक्के. पुन्हा हिरवा." आबांचं पेन थांबलं. "आठव्या वर्षी, विसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी. कायम हिरवा."

"आणि पहिल्या वर्षानंतर तीस वर्षांनी विष किती?"

आबांनी बराच वेळ गुणाकार केला. "चारशे बत्तीस."

याला म्हणतात सरकती आधारपातळी (ज्याच्याशी तुलना करायची तो पहिला आकडाच गुपचूप वर चढत जाणं). उंची मोजायला भिंतीवर खूण करावी आणि दरवर्षी ती खूणच पोराच्या डोक्याबरोबर वर सरकवावी, मग म्हणावं, पोरगं वाढतच नाही. कासव खोटं बोलत नव्हतं. त्याला प्रश्नच खोटा शिकवला होता.

"हे समज झालं, आबा. आपल्या नदीत खरंच असं झालंय का?"

"पहिल्या वर्षाचं पाणी असतं तर सांगता आलं असतं. ते आता कुठून आणणार?"

बोलता बोलता आबांची नजर देवघराकडे गेली, आणि त्यांनी ती पटकन वळवली. ऊर्मीनं ते पाहिलं.

देवघरात तांब्याचा गडू होता, तोंडाला डाख लावून कायमचा बंद केलेला. घरोघरी असतो तसा गंगेचा गडू, माणूस जाताना त्याच्या तोंडात दोन थेंब घालायला. फक्त यात गंगा नव्हती. ऊर्मीची आजी पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिनं रिकामा गडू नदीवर नेऊन भरला होता. म्हणाली होती, आता आपली गंगा हीच. आबांनी प्रयोगशाळेत डाख लावला आणि बुडाला तारीख कोरली. ऑक्टोबर २०२८. कासव पाण्यात उतरलं तोच आठवडा.

आजी वारली ती दूरच्या शहरातल्या दवाखान्यात. गडू घरीच राहिला.

"नाही," आबा म्हणाले.

"मी काही बोलले तरी का?"

"तुझ्या आजीनं भरलेलं आहे ते. तिला मिळालं नाही. आता ते माझ्यासाठी आहे. मोजायला घेतलं की संपलं, ऊर्मी. थेंब उरणार नाही."

पोहे गार झाले. शेवटी ऊर्मी एवढंच म्हणाली, "अडेलआजींच्या किटलीत दोन दिवसांत, आबा."

आबा उठले, आंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि हत्यारांची पेटी काढली. ते डाख कापायला लागले. ऊर्मीनं गडू दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पाणी स्वच्छ होतं. आबांनी नीट काम केलं, रडत केलं तरी नीट केलं. तांब्याच्या भिंतीला थोडं आर्सेनिक चिकटून बसलं असणार, म्हणून त्यांनी गडू आतून सौम्य आम्लानं धुतला आणि ते धुवणही हिशोबात घेतलं. मग कासवाला पाणी चाखवलं.

"लिटरला तीन मायक्रोग्रॅम (एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन)," कासव म्हणालं.

"आणि आजच्या नदीत?"

"तेरा."

पिण्याच्या पाण्याची मर्यादा दहा. पण नदीच्या पाण्याला ती लागू नव्हती, कारण मंडळाच्या लेखी नदीचं पाणी पिण्याचं नव्हतंच. ते पिणाऱ्यांना कुणी विचारलं होतं? नाही.

सुनावणीला मंडळाचे पाच सदस्य होते, त्यांतल्या हॉलोवे बाई अध्यक्ष, आणि समोर तेलकंपनीचा वकील. टेबलावर कासव. अडेलआजी पहिल्या रांगेत, मांडीवर फडक्यातला मासा. सभागृहात वास सुटला होता आणि त्यांना तो सुटायलाच हवा होता.

"आदरणीय मंडळ," वकील म्हणाला, "तांब्याचं एक धार्मिक भांडं. मान्यताप्राप्त नमुना-बाटली नाही. याच्यावर आपण धोरण ठरवणार?"

"मान्यताप्राप्त आकडे होते," आबा म्हणाले. "ते या मंडळानं पुसले. धुवणाचा हिशोब कागदावर आहे, तपासून घ्या. आणि तुम्ही वाचताय तो नियम माझा आहे. मी लिहिला. तो चुकला. तीस वर्षं चुकला, आणि पंधरा वर्षं मी घरी बसून पेन्शन खात होतो, एकदाही नदीवर जाऊन बघितलं नाही."

"डॉक्टर, आम्ही कासवालाच विचारतो," हॉलोवे बाई म्हणाल्या. "कासवा, पाणी नेहमीसारखं आहे का?"

आदल्या दिवशी आबांनी कासवाला एकच गोष्ट नवी शिकवली होती.

"कुठल्या वर्षासारखं?" कासवानं विचारलं.

हॉलोवे बाईंनी चष्मा काढला. "पहिल्या वर्षासारखं."

पाठीवर लाल दिवा लागला. इतक्या वर्षांत तो कुणी पाहिलाच नव्हता. मागच्या रांगेतलं कुणीतरी दचकून उभं राहिलं.

"हा रंग मला माहीत होता," अडेलआजी म्हणाल्या. "माशाच्या पोटावर आहे."

तीन विरुद्ध दोन मतं पडली. दार बंद राहिलं. किती दिवस? दोन वर्षं. तेवढंच. शुद्धीकरणाच्या यंत्राचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. अडेलआजींच्या बहिणीला आणि दोन शेजाऱ्यांना कॅन्सर का झाला, हे कुणी शोधलं नव्हतं. आणि शोधलं नव्हतं म्हणून काही झालंच नाही, हेच मंडळाचं उत्तर कायम राहिलं. यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. जे पाणी प्यायलं गेलं ते प्यायलं गेलं.

पण कासवाचा नियम बदलला. तुलना आता पहिल्या वर्षाच्या तीनशी. आणि ऑक्टोबरात, नदी गोठायच्या आधी, स्वान बेंडच्या शाळेतली सगळी पोरं काठावर उतरली. प्रत्येकानं काचेची एक बाटली भरली, मेणानं बंद केली, तारीख घातली. अडेलआजींनी शाळेत फळी ठोकून घेतली. "दरवर्षी एक रांग," त्या म्हणाल्या. "आता पुसून दाखवा म्हणावं."

ऊर्मीही त्या दिवशी रिकामा गडू घेऊन आली होती. आबांसाठी. ती पाण्यात वाकली तोच आबांनी तिचा दंड धरला.

"तेराचं पाणी त्यात घालू नकोस."

"मग तुम्हाला शेवटी कुठलं पाणी घालायचं, आबा?"

"तीन होईल तेव्हा भर."

ऊर्मीनं मनात हिशोब मांडला. दरवर्षी शंभराला पाच कमी झालं, तरी पंचवीसहून जास्त वर्षं. आबा आताच एकोणऐंशीचे.

तिनं कासवाकडे पाहिलं. ते पाण्यातून वर आलं होतं आणि त्याच्या पाठीवर लाल दिवा जळत होता.

"तेरा," कासव म्हणालं.

ऊर्मीनं गडू कोरडा पुसला आणि दप्तरात ठेवला. "उद्या परत विचारते," ती म्हणाली.